पेडण्यात आलेलं अर्ध्या जादूचं नाणं
(एका बालकादंबरीच्या वाचनाचा प्रकरण अभ्यास)

मुलांच्या जादूच्या पुस्तकाबद्दल थोरांची तक्रार आली की ती बहुधा दोनांपैकी एक असते. पोर घाबरलं, नाहीतर पोर अंधश्रद्ध होईल. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात उन्हाळी सुट्टीतल्या वाचनवर्गाला दोन्ही तक्रारी आल्या, आणि त्याही एकाच घरातून. चौकशी केली तेव्हा दोन्हींचं मूळ जादूत नव्हतंच. तालुक्यातल्या इतर वाचनालयांत असे वर्ग घेणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. मुलांची आणि पालकांची नावं अर्थातच दिलेली नाहीत.

पुस्तक

एडवर्ड ईगर या अमेरिकन नाटककार-गीतकाराची 'हाफ मॅजिक' ही कादंबरी १९५४ साली आली. आपल्या मुलाला वाचून दाखवताना ई. नेस्बिट या इंग्रज लेखिकेची पुस्तकं त्याच्या हाती लागली आणि तो स्वतः मुलांसाठी लिहू लागला. हे ऋण तो लपवत नाही. त्याच्या कादंबरीतली मुलं पहिल्याच प्रकरणात नेस्बिटची पुस्तकं वाचत असतात, आणि आपल्याकडे असलं काही घडत नाही म्हणून कुरकुरत असतात.

जेन, मार्क, कॅथरिन आणि मार्था ही चार भावंडं. वडील वारलेले, आई वर्तमानपत्रात नोकरीला, आणि सांभाळायला एक मुळीच न आवडणारी बाई. जेनला रस्त्यावर एक नाणं सापडतं. ते इच्छा पुरी करतं, पण अर्धीच. कंटाळलेली जेन म्हणते, कुठंतरी आग तरी लागावी, तर मुलांच्या खेळण्यातलं एक छोटं घर पेटतं. मांजरानं बोलावं असं मार्थाला वाटतं, तर मांजर धड बोलत नाही आणि धड गप्पही बसत नाही. मार्क वाळवंटी बेट मागतो, त्याला वाळवंट मिळतं आणि बेट गायब. मग मुलांच्या डोक्यात प्रकाश पडतो, की हवं त्याच्या दुप्पट मागायचं. सगळी गंमत या एका हिशेबावर उभी आहे. या जादूत राक्षस, शाप, निवडलेला राजपुत्र असलं काही नाही. जगबुडी टाळायची नसते, जेवणाच्या वेळेपर्यंत घरी पोचायचं असतं.

मला ही कादंबरी आवडते ती नेमकी याच कारणानं. अलीकडे मुलांच्या जादूकथा फार गंभीर चेहऱ्यानं फिरतात.

गाव आणि मुलं

पेडणे हा नव्या काबिजातीतला, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातला महाल. १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला, म्हणजे जुन्या काबिजातींपेक्षा अडीचशेक वर्षं उशिरा. देऊळ, कीर्तन, दशावतार, नाटक यांतून इथं मराठी टिकली. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगावी सरकारी मराठी शाळा निघाल्या आणि आमच्या आईवडिलांची पिढी त्यांत शिकली. आजची मुलं घरात कोंकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीला इंग्रजीत जातात. त्यामुळे दहा ते तेरा वयाच्या मुलाची अवस्था अवघड असते. मराठी पुस्तकं त्याला 'बारक्यांची' वाटू लागलेली असतात आणि इंग्रजी पुस्तक अजून दमवतं.

म्हणून वर्गाची पद्धत साधी ठेवली होती. पुस्तक आठ प्रकरणांचं आहे. एका बैठकीला एक प्रकरण घ्यायचं, मी इंग्रजी परिच्छेद वाचायचा आणि लगेच मराठीत सांगायचा. शेवटी ज्याला जे वाटलं ते त्यानं वहीत लिहायचं, एक ओळ लिहिली तरी चालेल. 'काय शिकलात' हा प्रश्न मी मुद्दाम ठेवला नाही. मुलं दहा-बारा, त्यांत मुली जास्त. कोपऱ्यात नातवंडांना घेऊन आलेल्या दोन आज्या असत. त्यांचं लक्ष नाही असं वाटायचं, पण असायचं.

नियमाची झडती

पहिल्या बैठकीनंतरची वही मी आजही काढून बघते. 'जादू खरी असते का' असं एकाही मुलानं लिहिलेलं नाही. नाण्याचा नियम पक्का आहे की लेखक सोयीप्रमाणे वाकवतो, हीच सगळ्यांची शंका. एकानं लिहिलं होतं, 'आग अर्धी कशी? लहान घर पुरं जळलं, मग ती पुरीच आग झाली.' दुसऱ्यानं खाली उत्तर दिलं होतं, 'मोठी आग मागितली होती, म्हणून लहान दिली.' तिसरीनं दोघांच्या खाली रेघ ओढून, 'पण जेननं मोठी म्हटलंच नव्हतं.' मला तरी यावर उत्तर सुचलं नाही.

सातवीतल्या एका मुलीचा आक्षेप वेगळा होता. तिचं म्हणणं, या पोरांना मागताच येत नाही. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात ते कसं असतं? कोण मागतोय, कुठल्या घरचा, काय मागतोय, कशासाठी, सगळं बारीकसारीक सांगायचं. वर काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे म्हणायचं, आणि मग सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा'. कौल लावताना, म्हणजे देवाला पाकळ्या चिकटवून होकार-नकार विचारतानासुद्धा, एका वेळी एकच गोष्ट विचारायची, नाहीतर पाकळी उजवी पडली ती कशासाठी ते कळणार कसं? आणि ही चार मुलं रस्त्यात उभी राहून बोलता बोलता इच्छा करून मोकळी होतात!

कोपऱ्यातल्या आजीनं यावर जोरात मान हलवली. तिच्या मते राखणदाराशी, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाशी, असा व्यवहार केला असता तर रोट, विडी, सोरो (दारू) सगळं देऊनही तो फिरकला नसता.

इच्छा नेमकी शब्दांत बसवता येणं ही कादंबरीतली मुलं हळूहळू शिकतात. आमच्या मुलांना ती गोष्ट आधीच ठाऊक होती, देवळातून. त्यामुळे अमेरिकन मुलांच्या फजितीला हसताना ती थोडी वरच्या पायरीवर उभी राहून हसत होती. परकी मुलं, परका काळ, परकी नावं असूनही पुस्तक जड का गेलं नाही, याचं माझ्या मते हे मोठं कारण.

मग दुप्पट मागण्याचे हिशेब सुरू झाले. हा भाग कार्यक्रमात नव्हता, मुलांनीच काढला. एकाला मोपाच्या विमानतळावरून दुबईला जायचं होतं. नुसतं 'दुबईला ने' म्हटलं तर नाणं अर्ध्या वाटेवर सोडणार. वाचनालयाचा जुना नकाशासंग्रह काढला, सुतळी लावली. अर्धी वाट भर अरबी समुद्रात. मग दुप्पट अंतर मोजलं तर सुतळीचं टोक दुबई ओलांडून थेट भूमध्य समुद्राच्या काठाला लागलं. 'म्हणजे मी भूमध्य समुद्र मागायचा आणि दुबईला उतरायचं,' असा त्यानं निकाल दिला. अपूर्णांकांचं प्रकरण शाळेत ज्याला रडवतं तोच हा मुलगा.

एक मुलगी घरून आजीच्या डब्यातलं नाणं घेऊन आली. पोर्तुगीज अमदानीतलं, ६० सेंतावांचं, कडेला झिजलेलं, 'एस्तादु द इंडिया' ही अक्षरं बोट फिरवल्यावरच कळावीत असं. १९५८ मध्ये इथलं चलन रुपयावरून एस्कुदावर गेलं, एका रुपयाला सहा एस्कुद असा दर ठरला आणि एका एस्कुदाचे शंभर सेंताव. त्यानंतर तीन-साडेतीन वर्षांत गोवा मुक्त झाला आणि ती नाणी डब्यांत गेली. नाणं हातोहात फिरलं. कुणीतरी म्हणालं, ६० सेंतावांचं म्हणजे अर्धं केलं की ३०. त्या काळी ३० सेंतावांचंही नाणं होतं हे मी सांगितल्यावर तर पुरावाच मिळाला. पुढं ते नाणं पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जाऊ लागलं. वाचनालयातून पुस्तक नेतात तसं, नोंदवहीत सही करून. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण तक्रारीचा एक धागा इथून निघतो.

वाळवंटातला अरब

तिसऱ्या प्रकरणात मुलं वाळवंटात पोचतात आणि तिथं त्यांना एक अरब भेटतो. तो मुलांना फसवू पाहतो, नाटकी बोलतो, थोडा बावळट आहे. त्या काळच्या सिनेमांतून आणि गोष्टींतून तयार झालेला हा ठोकळा. लेखक पुढं त्याला दयाबुद्धीनं वागवतो, पण ठोकळा तो ठोकळाच.

हे प्रकरण गाळावं का, असा विचार माझ्या मनात होता. पाचवीतला एक मुलगा ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. मी थांबले. तो म्हणाला, "माझा पप्पा कुवेतात आहे. त्याचा अरबाब, म्हणजे मालक, ईदीला आमच्यासाठी खजूर पाठवतो. तो असा नाही."

दुसरा म्हणाला, अरे गोष्ट आहे ती, दशावतारातला राक्षस पण तसाच असतो ना.

"राक्षसाच्या गावात कुणाचा पप्पा कामाला नसतो," पहिला म्हणाला.

या वाक्यावर मी भाष्य करणं म्हणजे ते पातळ करणं. गोव्यात आखात ही गोष्टीतली जागा नव्हे. दर चार-पाच घरांमागं तिथला एक फोन नंबर असतो. मोठ्यांपैकी एकाही माणसानं, ज्यांनी पुस्तक चाळलं त्यांनीसुद्धा, या पानाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यांची नजर 'जादू' या शब्दावर होती.

प्रकरण गाळलं नाही. त्या मुलालाच विचारलं, तुझा पप्पा तिथं असता तर काय झालं असतं? त्यानं सांगितलं की पप्पानं आधी पोरांना पाणी दिलं असतं, मग आईला फोन लावायला सांगितला असता, आणि मग ओरडला असता. सगळ्या वर्गानं ते जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. माझ्या मते ती या पुस्तकावरची सगळ्यांत चांगली टीका आहे.

मधली दोन प्रकरणं लवकर उरकते. कॅथरिन इंग्रजी दंतकथांतल्या राजा आर्थरच्या काळात जाऊन त्याच्या सर लान्सलॉट या सरदाराला झुंजीत लोळवते तेव्हा मुली खूश आणि मुलगे अस्वस्थ. तिथल्या जादूगार मर्लिनला हे सगळं आपोआप कळतं, हे कुणालाच पटलं नाही. मार्था सिनेमाच्या थिएटरात कंटाळून 'मी इथं नसते तर' म्हणते आणि अर्धी नाहीशी होते, नुसती पुसट आकृती उरते, लोक सैरावैरा पळतात. त्या बैठकीला हसण्याचा आवाज रस्त्यावर गेला होता.

तक्रार

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले. चौथी संपवलेला त्यांचा नातू वर्गाला येई, शांत मुलगा. आजोबा उभ्यानंच बोलले. पोर रात्री दचकून उठतं. आई घरी आल्याशिवाय झोपत नाही. आली की तिचा हात धरून बसतं. तुम्ही अर्ध्या भुताच्या गोष्टी सांगता, गावात सगळीकडे तेच चाललंय. आमचा देवचार (गावचं राखणदार भूत) आम्हांला पुरे आहे, अमेरिकेतली भुतं कशाला?

त्यांच्यामागोमाग त्याच घरातले काका आले. ते शाळेत विज्ञान शिकवतात, स्वभावानं कडक आणि सरळ. त्यांचं म्हणणं उलट टोकाचं. पोरगा रुमालात जुनं नाणं बांधून संध्याकाळी तुळशीपाशी उभा राहतो आणि काहीतरी पुटपुटतो. मी वर्गात मुलांना बुवाबाजीविरुद्ध शिकवायचं आणि तुम्ही इथं नाण्याला नवस करायला लावायचं?

एक माणूस म्हणतो आमची भुतं पुरे, दुसरा म्हणतो भुतंच नकोत. गावात अशी दोन मतं एका चुलीवर सुखानं नांदतात, त्यात मला नवल नव्हतं. दोघांनाही बसवलं, चहा मागवला आणि नोंदवही काढली.

आजोबांना विचारलं, दचकून उठणं कधीपासून? त्यांनी गावातल्या एका लग्नाचा संदर्भ दिला, त्या आठवड्यापासून. नोंदवहीप्रमाणे त्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या प्रकरणात होतो. भुतासारखी मार्था त्यानंतर कितीतरी उशिरा आली. तेव्हा भूत निर्दोष सुटलं.

दुसऱ्या प्रकरणात काय आहे? मुलांची आई नातेवाइकांकडे गेलेली असते. बसभाड्यासाठी म्हणून नेमकं तेच नाणं चुकून तिच्या पिशवीत गेलेलं असतं. तिथं कंटाळून ती मनात म्हणते, घरी असते तर बरं. आणि पुढच्या क्षणी ती रात्री एका रस्त्याच्या कडेला उभी असते, घराच्या अर्ध्या वाटेवर. आपण इथं कशा आलो हे तिला कळत नाही. एक अनोळखी गृहस्थ मोटार थांबवतो आणि तिला घरी सोडतो. लेखकानं हे सगळं हसतखेळत लिहिलं आहे, आणि वर्ग हसलाही होता. एका मुलानं तर विचारलं होतं की तिनं पायलट का केला नाही. मागं माणूस बसवून नेणारी ती पिवळ्याकाळ्या मोटरसायकलींची सोय आपल्याकडचीच, हे त्याला सांगावं लागलं.

हा मुलगा हसला होता का, ते मला आठवत नाही. वहीत त्याची ओळ होती, 'तिच्याकडे फोन नव्हता.' मी ती कथेचा काळ जुना असल्याची नोंद म्हणून वाचली होती.

त्याची आई मोपाच्या विमानतळावर कामाला आहे. जानेवारी २०२३ मध्ये तिथून विमानं सुरू झाली आणि तालुक्यातल्या कितीतरी घरांचं घड्याळ बदललं. तिची दुपारची पाळी असली की ती रात्री अकराच्या पुढं स्कूटरवरून एकटी येते. मधला एक पट्टा काळोखाचा. वर्ग सुरू होण्याआधीही ती तशीच येत होती आणि मूल झोपत होतं. पुस्तकानं त्याला भीती दिली नाही. आई अर्ध्या वाटेवर अडकू शकते, एवढी शक्यता दाखवली.

आणि पुटपुटणं? ते मी मुलालाच विचारलं, काकांच्या समोर. तो आधी गप्प राहिला. मग म्हणाला की आई घरी येऊ दे म्हटलं तर ती अर्ध्याच वाटेवर येणार. म्हणून तो रोज म्हणतो, आई मोपाहून आपल्या घराच्या दुप्पट लांब येऊ दे. अर्धं झालं की बरोबर घरी.

काकांनी कप खाली ठेवला.

"पण बाई," मुलगा पुढं म्हणाला, "नाण्यात जादू नसली तर काय बिघडत नाही. अर्धी असली तर बरोबर. पुरी असली तर?" त्याची खरी काळजी ही होती. पुरी असली तर आई घरावरून पुढं जाऊन हरमलच्या दर्यात पडणार. ते त्यानं नकाशावर पाहिलं होतं. म्हणून तो इच्छा करायचा आणि लगेच परत घ्यायचा, आणि रात्रभर कुठली लागू पडली याचा विचार करत जागा राहायचा.

काका विज्ञानाचे शिक्षक, त्यामुळे यातली गोम त्यांना माझ्याआधी कळली. पोरगा नवस करत नव्हता. तिन्ही शक्यता मांडून, कुठल्या शक्यतेत किती नुकसान हे तपासत होता. अंधश्रद्धेत शंका घेत नाहीत, हा तर शंकांनीच बेजार झाला होता. काका त्याला म्हणाले, "मग नाणं तपासून बघू या ना." दोघांनी वाचनालयाच्या पडवीत बसून, नुकसान होणार नाही अशा इच्छा ठरवल्या. चार गोळ्या मागायच्या आणि दोन येतात का बघायचं. एकही आली नाही. नाणं निर्दोष सुटलं.

आई तिच्या सुट्टीच्या दिवशी आली. मी तिला ते प्रकरण सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून रोज फोन करून विचारतो, तूं खंय आसा (तू कुठं आहेस)? मी म्हणते कामावर, की ठेवून देतो." मग मायलेकांनी मिळून मोपा ते घर या रस्त्याची अर्धी वाट शोधली. ती एका तिठ्यापाशी येते, तिथं सोड्याचा गाडा रात्री उशिरापर्यंत असतो, उजेड असतो. आता ती तिथं स्कूटर थांबवते, फोन करते, 'अर्ध्यार पावलें' म्हणते आणि पुढं निघते. मूल त्या फोननंतर झोपतं. कधीकधी आई घरी पोचायच्या आधीच.

माझ्या लेखी या प्रकरणातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट म्हणजे ती नोंदवही. कुठल्या तारखेला कुठलं पान वाचलं हे लिहिलेलं नसतं तर आजोबांच्या शब्दावर मार्थाचं प्रकरण गाळलं गेलं असतं, पोरांचं हसणं बंद झालं असतं आणि मुलगा तरीही जागाच राहिला असता.

बोध कुठं आहे?

एक निवृत्त मास्तर वाचनालयाचे जुने सभासद आहेत. त्यांचा आक्षेप सौम्य होता, पण मुळाशी जाणारा. पुस्तक मजेशीर आहे, मान्य. पण मुलांच्या हाती नुसती मजा देऊन काय साधणार? आणि देवाकडे मागण्यासारख्या गंभीर गोष्टीची ही थट्टा नाही का?

मी त्यांना आमच्या जत्रेतल्या आडदशावताराची, म्हणजे दशावतारी खेळाच्या सुरुवातीच्या भागाची, आठवण दिली. वेद पळवणारा संकासूर, म्हणजे गुन्हा केवढा, आणि तो येतो तेव्हा मांडव हसून लोळतो. तो देवाची टर उडवतो, बोलीत बरळतो, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. रात्रभर जागणाऱ्या मास्तरांनी कधी त्याला 'बोध काय' असं विचारलं नाही. ते हसले, पण पटलं असं म्हणाले नाहीत. त्यांचा मुद्दा पूर्ण फेटाळावा असं मलाही वाटत नाही. हलकं पुस्तक वाचून मूल हलकंच राहतं अशी उदाहरणं मीही पाहिली आहेत. या पुस्तकात नियम होता म्हणून मुलांना भांडायला जागा मिळाली. नुसती कांडी फिरवून सगळं होणाऱ्या गोष्टींवर हाच वर्ग एकदा जांभया देत बसला होता.

शेवटची प्रकरणं

अर्ध्या वाटेवर आईला गाडीत घेणारा गृहस्थ पुढं घरी येऊ लागतो. त्याचं पुस्तकांचं दुकान असतं, मुलांशी त्याचं जमतं आणि शेवटी तो आईशी लग्न करतो. एकट्या जेनला ते रुचत नाही, कारण वडील तिलाच नीट आठवतात. रागानं ती दुसऱ्याच घरची होण्याची इच्छा करून बसते. खरं तर हे पुस्तकातलं सगळ्यांत खोल प्रकरण. आमच्या वर्गात त्यावर जवळजवळ कुणी बोललं नाही. एका मुलीनं वहीत लिहिलं, 'जेनचं बरोबर होतं.' तिला कारण विचारलं नाही, आणि विचारू नये असं मी अशा वर्ग घेणाऱ्या इतरांनाही सांगेन.

नाणं दुसऱ्या मुलांकडे जाऊ देण्याच्या शेवटावर मात्र धुमाळी झाली. पुढच्याला नियम सांगायचा की नाही? एक गट म्हणे, सांगितलाच पाहिजे, आग लागली तर? दुसरा म्हणे, सांगितलं तर मजा काय राहिली, ते शोधण्यातच तर आठ प्रकरणं गेली. तोडगा त्या शांत मुलानं काढला. नियम अर्धा सांगायचा.

इथं आमचं ६० सेंतावांचं नाणं आजीच्या डब्यात परत गेलं आणि नोंदवहीत 'जमा' असा शेरा पडला. विज्ञानाचे काका पुस्तक घरी घेऊन गेले. परत आणलं तेव्हा कागदाच्या चिठ्ठीवर तीन ठिकाणं लिहिली होती, जिथं त्यांच्या मते लेखकाचा अर्ध्याचा हिशेब चुकतो. ती चिठ्ठी मुलांना दाखवली. त्यांतली दोन मुलांनी आधीच पकडली होती, तिसरं त्यांना मान्य नाही.

पुढच्या सुट्टीसाठी मुलांनी नेस्बिटचंच पुस्तक मागितलं आहे, १९०२ सालचं, ज्यात वाळूत राहणारा एक तिरसट प्राणी रोज एक इच्छा पुरी करतो आणि सूर्य मावळला की ती संपते. अर्ध्या जादूपेक्षा मुदतीची जादू बरी की वाईट, यावर आतापासून वाद आहेत. मोपाला जाणाऱ्या आईनं मात्र एकच चौकशी केली, त्यातली आई कुठं अडकते का. आजारी आजीकडे गेलेली असते आणि शेवटच्या प्रकरणात सुखरूप घरी येते, एवढं तिला आणि तिच्या मुलाला आधीच सांगून टाकलं आहे.